तमाण्णा मिस्त्रींची पाच नंबर

माणूस चिंधीचा वास घेऊन दुसऱ्याचं खोटं पकडतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हबकलेच.

साठ सालाच्या पुढंमागं मी कसबा बावड्याच्या वाटेवरच्या रायफल क्लबात कामाला लागले. झाडलोट करायची, मेंबरांना चहा द्यायचा आणि जुनी धोतरं फाडून रुपयाएवढ्या चिंध्या कापायच्या. त्या चिंध्या सळईच्या टोकाला लावून रायफलीच्या नळीतून ओढतात. ते ओढायचं काम तमाण्णा मिस्त्रींचं. क्लबातल्या सगळ्या रायफली त्यांच्या ताब्यात असत.

मला लागून आठवडा झाला असेल. एक ठेकेदार मेंबर क्लबाची रायफल घरी घेऊन गेले होते. परत आणली आणि म्हणाले, "मिस्त्री, जशी नेली तशी आणलीय. एकदासुद्धा उडवली नाही."

मिस्त्रींनी नळीतून एक चिंधी ओढली. उन्हात धरून बघितली, नाकाशी नेली. मग म्हणाले, "काळं आलंय, म्हणजे काल उडवलीया. कडंला तांबूस आलंय, म्हणजे पाणी लागलंय. तळ्यावर बदकं मारली काय, साहेब?"

ठेकेदार लालबुंद झाले. मी कात्री हातात धरून तशीच उभी राहिले. एवढ्या बारक्या चिंधीवर माणसाचं कालचं सगळं उमटतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मी मिस्त्रींसमोर जपून बोलू लागले.

ते नेसरीकडचे. बोलण्यात मधूनच कानडी यायचं. मला ते 'अक्का' म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत, मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असून. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्यावर तेलाचा एक डाग मी कधी पाहिला नाही. चहाचा कप मी धुऊन दिला तरी ते पुन्हा धुऊन घ्यायचे. दुपारी रिकामे असले की काडीनं नखं कोरत बसायचे. आवाज इतका हळू की टेबलापलीकडच्याला कान पुढं करावा लागे. आमच्या कोल्हापुरात माणूस शेजारच्याला मीठ मागतो तेसुद्धा चार घरं ऐकतात. त्यात हा असा गप्प माणूस. मेंबर म्हणायचे, "मिस्त्री, जरा गावाला शोभेल असं बोला की!" ते नुसते हसायचे.

असा स्वच्छ माणूस, आणि पाच नंबरची रायफल मात्र काळीकुट्ट ठेवायचा. बाकीच्या रायफली ते ज्याच्या त्याच्या वेळेला धुवायचे. पाच नंबर बाहेरून पुसायचे, आतून हात लावायचे नाहीत. मला वाटलं आळस असेल. मनात ठेवणं मला जमत नाही. मी तोंडावर म्हटलं, "मिस्त्री, स्वतःची नखं दिवसातनं तीनदा घासता. मग ह्या बंदुकीनं काय पाप केलंय?"

ते म्हणाले, "अक्का, तवा घासून लख्ख केला की पयली भाकरी कशी हुतीया?"

"चिकटतीया."

"दुसरी?"

"ती बी जरा. तिसरी-चौथी चांगली निघतीया."

"मग घासलेल्या तव्यावर पावण्यांची पयली भाकरी टाकता काय?"

"न्हाय."

"ही पावण्यांची बंदूक हाय," ते म्हणाले आणि नखं कोरायला लागले.

पुढं एकदा मेंबरांतच यावरून वाद झाला. एक प्रोफेसर होते. त्यांचं म्हणणं, यंत्र जेवढं स्वच्छ तेवढं अचूक, यात बोलायचं काय. मिस्त्रींनी वाद घातला नाही. सात नंबर धुऊन काढली, तेलाची चिंधी फिरवली, लाकडी घोड्यावर घट्ट आवळली आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर तीस गोळ्या मारल्या. नेम तोच, हात तोच, वारा नाही. कागद आणून टेबलावर ठेवला. पहिली गोळी खाली डावीकडं गेलेली. दुसरी तिच्या शेजारी. मग एक इकडं, एक तिकडं. दहा-बारा गोळ्यांनंतर मात्र सगळ्या एकाच भोकात शिरल्यासारख्या.

प्रोफेसर चष्मा काढून बघत राहिले. मिस्त्री म्हणाले, "गोळीवर मेण असतंय. त्याचा आणि दारूच्या काजळीचा एकसारखा लेप नळीला बसला, की मग ती खरं बोलतीया. धुतलेली नळी म्हंजे नवी सून. पयले दहा दिवस तिचं काय खरं धरू नये."

"आणि सासू?" मी मागून विचारलं.

"सासू म्हंजे हजार गोळ्या होऊन बी न धुतलेली नळी, अक्का. शिसं साठलेलं. तिचं तर मुळीच खरं धरू नये."

मेंबर हसले. मीही हसले. सांगायचं एवढंच की हे सगळं मला कळत होतं. पुढं जे झालं ते न कळता झालं, असं मी म्हणणार नाही.

सुनंदा क्लबात आली ती सत्तर सालानंतर. बावड्याच्या साखर कारखान्यातल्या फिटरची मुलगी. एकोणीस वर्षांची, किडकिडीत, पण रायफल खांद्याला लावली की दगडासारखी स्थिर. मिस्त्रींनी तिला पाच नंबर दिली. दोन वर्षं शिकवली. शिकवणं म्हणजे मागं स्टुलावर बसायचं आणि दहा गोळ्यांमागं एक वाक्य बोलायचं. तिच्या मनावर त्यांनी एक गोष्ट ठसवली होती : "गोळी चुकली तर आधी स्वतःला इचार. श्वास चुकला काय, बोट चुकलं काय. पाच नंबरवर संशय घ्यायचा न्हाय. ती माझ्या हातची हाय."

तिच्या वडलांनी तिला शाहूवाडीकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा बरा होता, पण तिला अजून शिकायचं होतं. वडील क्लबात येऊन सगळ्यांसमोर सांगून गेले, "दसऱ्यानंतर राज्याच्या संघाची निवड हाय न्हवं? चौघांत आली तर लगीन दोन वर्षं पुढं. न्हाय आली तर मार्गशीर्षात अक्षता. मग बंदूक बी बंद आणि कॉलेज बी बंद." माणूस शब्दाचा होता, दोन्ही बाजूंनी.

निवड त्या वर्षी आमच्याच मैदानावर होती. त्या काळात काडतुसं मिळायची मारामार, म्हणून प्रत्येकाला अजमावायला फक्त दोन गोळ्या आणि मोजणीच्या चाळीस, असं ठरलं होतं. मिस्त्रींनी दहा दिवस आधी साठलेलं शिसं काढायला पाच नंबर धुतली, पन्नास गोळ्या मारून मुरवली, आणि मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवली.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी नेसरीहून निरोप आला, भावाला बैलानं मारलं, मांडी मोडली. मिस्त्री निघाले. जाताना मला म्हणाले, "अक्का, खंडेनवमीला सगळ्या बंदुका मांडा. पाच नंबरवर वरनं नुसतं फूल वाहा. आत काय बी घालू नका."

"न्हाय घालत," मी म्हटलं.

खंडेनवमीला क्लबाच्या सेक्रेटरींच्या पत्नी पूजेचं ताट घेऊन आल्या. रायफली पाटावर मांडल्या होत्या. त्यांनी एकेकीला हळदकुंकू लावलं, आणि पाच नंबरचं मलमल सोडून नळीत डोकावल्या. "अगंबाई! हे असं काळं देवापुढं ठेवायचं? घरचा विळासुद्धा आपण घासून ठेवतो आज."

मला लाज वाटली. बारा वर्षं कपाट सांभाळते आणि खंडेनवमीला मळ दाखवते, असं झालं. आमच्या घरी त्या दिवशी खुरपं, विळी, पाट्याचा वरवंटा, सगळं घासून पुसून ठेवतात. मळलेलं हत्यार पूजेला मांडणं म्हणजे दारात उष्टं टाकण्यासारखं. मी सळई घेतली. चिंध्या कापणारी मीच होते, हाताशी ढीग होता. गरम पाण्यात बुडवून, पिळून, चाळीसएक चिंध्या ओढल्या, शेवटची पांढरी येईपर्यंत. मग गंजू नये म्हणून तेल घातलं. बंदुकीचं तेल कुलपात होतं, म्हणून ताटातलं खोबरेल घातलं. नळीतून बघितलं तर आरशासारखी. बाईंनी हळदकुंकू लावलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दसऱ्याला मिस्त्री येतील, त्यांना सांगू, ते वीस गोळ्या मारून परत मुरवतील, असा माझा हिशेब. ते दसऱ्याला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी निवड. पुण्यामुंबईची माणसं आली. सुनंदानं मलमल सोडलं, पाच नंबर घेतली आणि चटईवर पालथी पडली. मी चहाची किटली घेऊन मागं उभी. त्या घडीला दोन पावलं जाऊन तिच्या कानात सांगता आलं असतं. मी भ्याले. दोन गोळ्या अजमावायच्या असतातच, त्यात बसेल नळी, असं मनाला सांगितलं आणि कप भरत राहिले.

तिनं कानात कापसाचे बोळे घातले. दोन गोळ्या मारल्या. दुर्बिणीत बघितलं, दोन्ही खाली डावीकडं. रायफलीवर नेमाच्या चकतीला दोन बटणं असतात. ती फिरवली की खट खट वाजतात आणि गोळी वर-खाली, डावी-उजवी सरकते. तिनं चार खटके वर आणि तीन उजवीकडं फिरवले. बरोबरच केलं तिनं, तिला जे दिसलं त्यावरून. पण तेल जळत गेलं, नळी परत काळी होत गेली आणि गोळ्या आपल्या जुन्या जागेकडं निघाल्या. आता वर चार खटके जादा, उजवीकडं तीन जादा. पहिल्या दहांत गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळातून सरकत सरकत वर उजवीकडं गेल्या. पोरगी थांबली. बोटं झाडली. श्वास घेतला. परत मारली, परत तिथंच. तिनं बाहीनं डोळे पुसले. पाच नंबरवर संशय घ्यायचा नाही, हे तिला शिकवलेलं होतं, म्हणून ती स्वतःलाच खात होती. मोजणीच्या गोळ्या सुरू झाल्यावर मागून कुणी शिकवायचं नाही, असा नियम. शिकवलं तर खेळणारा बाद.

तेवढ्यात मिस्त्री आले. पहिल्या एसटीनं निघालेले, वाटेत चाक फुटलेलं. पिशवी खांद्यालाच होती. त्यांनी मागच्या दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ लावला. मग माझ्याकडं आले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "अक्का, नळी कुणी धुतली?"

"मी."

"तेल?"

"खोबरेल."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग चटईवरच्या पोरीकडं बघितलं. तिचे खांदे हलत होते. आणि मग त्या माणसाच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतर कधी ऐकला नाही.

"रांडे! नळी धुऊन खोबरेल पाजलंस व्हय गं! खंडेनवमीला पाच नंबर धुतलीस? पयल्या दोन गोळ्या तेलानं खाल्ल्या की गं, भवाने! त्या दोन्ही खोट्या! आता नळी जाग्यावर आली, तवा काय उपेग त्या दोन गोळ्यांचा!"

आणि त्यापुढं एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही.

माझ्या हातातून कप पडला. मला आयुष्यात नवऱ्यानं शिव्या दिल्यात, सासऱ्यानं दिल्यात, त्याचं मला काही नाही. पण हा माणूस मला अक्का म्हणायचा. लोक माझ्याकडं बघत होते. मी खाली बघायला गेले, आणि नजर चटईवर पडली.

सुनंदानं डोकं उचललं होतं. मागं वळली नाही. उजवा हात पुढं गेला, चकतीवर. खट, खट, खट, खट. मग दुसरं बटण. खट, खट, खट.

पुढच्या गोळ्या मी मोजल्या नाहीत. लोक मोजत होते. अर्ध्या तासानं कळलं, पोरगी चौथी आली. चौघांत.

लगेच तक्रार झाली. पाचव्या आलेल्या मुलाबरोबर बाहेरगावाहून आलेले मॅनेजर म्हणाले, मागून ओरडून मुलीला सांगितलं गेलं, तिला बाद करा. सेक्रेटरींच्या खोलीत कमिटी बसली. आधी मला बोलावलं. सेक्रेटरी वकील होते. त्यांनी विचारलं, "बाई, मिस्त्री त्या मुलीशी बोलले की तुमच्याशी?"

"माझ्याशी."

"काय बोलले?"

मी सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसंच्या तसं, शेवटच्या शिवीसकट. लिहून घेणाऱ्या कारकुनाचा टाक थांबला. "हे... लिहू का, साहेब?" सेक्रेटरी टेबलाकडं बघत म्हणाले, "आशय लिहा."

पाहुणे मॅनेजर म्हणाले, "पण एवढ्या मोठ्यानं? शेजारी उभ्या असलेल्या बाईला?"

कमिटीतले एक पैलवान मेंबर म्हणाले, "पावणं, तुम्ही कोल्हापुरात नवं दिसताय. आमच्यात ह्याला मोठ्यानं म्हणत न्हाईत."

सगळे हसले. मिस्त्रींचा रोजचा आवाज किती, हे त्या खोलीतल्या प्रत्येक क्लबवाल्याला ठाऊक होतं. एकजणही बोलला नाही. मीही बोलले नाही. मला विचारलं तेवढं मी सांगितलं.

मग मिस्त्रींना बोलावलं. "तुम्ही या बाईंना शिवी दिली?"

"दिली."

"का?"

"नळी धुतली म्हणून."

संपलं. मुलगी राहिली. पण कामावरच्या बाईला परक्या लोकांपुढं असली शिवी देणारा माणूस ठेवता येत नाही, असं कमिटीनं ठरवलं, आणि लिहून काढल्यावर दुसरं काही ठरवताही येईना. वीस वर्षांची नोकरी त्या संध्याकाळी गेली. नळी धुणारी मी मात्र राहिले. वर मेंबरांच्या बायका मला येऊन धीर देऊन गेल्या, "फार झालं हो तुमच्यावर." मला त्या सांत्वनाची शिसारी आली.

मिस्त्रींनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी म्हटलं, "मी जाऊन खरं काय ते सांगते त्यास्नी."

"काय सांगणार? खरंच सांगितलंय की तुम्ही," ते म्हणाले. आवाज परत टेबलाएवढा झाला होता. पिशवी खांद्याला अडकवली आणि गेले.

सुनंदा संघातून परराज्यात जाऊन आली. तिला पदकबिदक मिळालं नाही, बरीच खाली आली. वडलांनी शब्द पाळला. त्या दोन वर्षांत ती बी. ए. झाली, आणि लग्नानंतर शाळेत खेळाची बाई म्हणून लागली.

तीन वर्षांनी मी गडहिंग्लजला एका लग्नाला गेले होते. तिथून नेसरीला गेले. मिस्त्री घरासमोरच्या कट्ट्यावर औषध फवारायचा पंप उघडून बसले होते. सदरा तसाच पांढरा. मला बघून उठले. "या अक्का," म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. सुनंदाची शाळा, भावाची मांडी, उसाचा भाव, सगळं बोलून झालं. मग मी विचारलं. तीन वर्षं ते माझ्या घशात अडकलं होतं.

"मिस्त्री, त्या दिवशीचा राग खरा हुता, का पोरीला कळावं म्हणून सोंग हुतं?"

ते पंपाचा वायसर बोटानं पुसत राहिले.

"राग खरा हुता, अक्का. शिव्या बी खऱ्या. आवाज तेवढा पोरीसाठी काढला. तिच्या कानात कापूस हुता."

माझी समजूत अशी होती की शिव्या सोंगाच्या होत्या, आणि ते सोंग झाकायला मी कमिटीपुढं आवाजाचं दडवून अर्धं खोटं बोलले. त्या अर्ध्या खोट्याचा मला मनातून थोडा अभिमानच होता.

"आणि कमिटीनं आवाजाचं इचारलं असतं तर?"

"तर सांगितलं असतं, पोरीसाठी काढला म्हणून."

"पोरगी बाद झाली असती की!"

"झाली असती." ते माझ्याकडं बघत म्हणाले, "मला कुणी इचारलंच न्हाय, त्याला मी काय करू?"

चहा आला. मी बशी तशीच कट्ट्यावर ठेवली. त्या पोरीचं शिक्षण, तिचं लग्न, तिची नोकरी, सगळं एका न विचारलेल्या प्रश्नावर उभं होतं, आणि हा माणूस ते तीन वर्षं जाणून होता. त्यानं त्याची झोप उडाली नव्हती. मला मात्र त्या भर दुपारी घाम फुटला.

एसटीची वेळ झाली. मिस्त्री फाट्यापर्यंत पोचवायला आले. गाडी आली, मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. काहीतरी म्हणावं म्हणून मी बाहेर तोंड काढून ओरडले, "येते, मिस्त्री!"

त्यांनी ओठ हलवले. काय म्हणाले ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि ते काही आवाज चढवून पुन्हा बोलले नाहीत.